सुईचा धाक आणि तपासणीचा अर्थ : प्रोस्टेट बायॉप्सीविषयी

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाची लिखित प्रत. भाषणातील वैद्यकीय भाग आमच्या मूत्रविकार व विकृतिशास्त्र विभागांतील डॉक्टरांनी तपासून दिला आहे.)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही आपणांपुढे संस्थेचा जमाखर्च मांडतो. यंदा तो अहवालाच्या पुढील पानांत छापला आहे. आपण तो सवडीने पाहावा, ही विनंती. आज मात्र विश्वस्तांच्या अनुमतीने आम्ही एका वेगळ्याच विषयावर बोलणार आहोत. तो विषय आहे प्रोस्टेट ग्रंथीची बायॉप्सी. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आयुष्य खतावण्या आणि ताळेबंद यांत गेले. वैद्यकाचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु रुग्णालयाच्या प्रशासकाच्या टेबलासमोर वर्षानुवर्षे जी माणसे येऊन बसतात, त्यांच्या हातातील चिठ्ठ्या आणि त्यांच्या चेहऱ्यांवरील भाव आम्ही पाहत आलो आहोत. ‘बायॉप्सी’ हा शब्द चिठ्ठीवर दिसला की घरातले वातावरण कसे बदलते, हे आम्हांस ठाऊक आहे. वडिलांना न कळवता मुलगा एकटाच येतो आणि दबक्या आवाजात विचारतो, “साहेब, म्हणजे कॅन्सरच ना?” आणि थोड्या वेळाने दुसरा प्रश्न येतो, “सुई लावली की तो पसरतो म्हणतात, ते खरे का?”

या दोन प्रश्नांची उत्तरे सर्वांसमक्ष द्यावीत, आणि आमच्या रुग्णालयाने या बाबतीत कोणती चूक केली व त्यातून काय शिकलो, तेही सांगावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथी, ही केवळ पुरुषांच्या शरीरात असते. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली ही ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी असते. वय वाढते तशी ती बहुतेकांची वाढते. रात्री वारंवार उठावे लागणे, धार बारीक होणे, लघवी पूर्ण न झाल्यासारखे वाटणे, या तक्रारी घेऊन जे ज्येष्ठ नागरिक बाह्यरुग्ण विभागात येतात, त्यांपैकी पुष्कळांची वाढ साधी, कर्करोगविरहित असते. अडचण अशी की कर्करोग आरंभी बहुधा कोणतीही तक्रार करीत नाही. म्हणून डॉक्टर दोन गोष्टी पाहतात. एक, गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी. तीत ग्रंथीचा कठीणपणा किंवा गाठ हाताला लागू शकते. दुसरी, रक्तातील पी.एस.ए. नावाच्या प्रथिनाचे प्रमाण.

या पी.एस.ए.च्या आकड्याने जितकी झोप उडवली आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या आकड्याने उडवली असेल. दर मिलिलिटर रक्तात ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा रूढ झाली, आणि लोक तिच्याकडे परीक्षेतील उत्तीर्ण-अनुत्तीर्णाच्या रेषेप्रमाणे पाहू लागले. वस्तुतः ती तशी रेषा नाही. ग्रंथीची साधी वाढ, तिचा दाह, लघवीतील जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी, या सर्वांमुळे आकडा वाढतो. उलटपक्षी, २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पी.एस.ए. ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांपैकीही सुमारे १५ टक्के जणांच्या बायॉप्सीत कर्करोग आढळला होता. थोडक्यात, हा आकडा संशय निर्माण करतो. निकाल देत नाही. निकालासाठी ग्रंथीचा प्रत्यक्ष तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तो तुकडा काढणे म्हणजे बायॉप्सी. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, बायॉप्सी सांगितली म्हणजे कर्करोग ठरला असे नव्हे. तो आहे की नाही, आणि असल्यास कोणत्या जातीचा, हे ठरवण्यासाठीच ती सांगितलेली असते.

आता पद्धतींकडे वळू. येथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. सुई कोणत्या वाटेने न्यायची, हा एक प्रश्न; आणि ग्रंथीत नेमकी कोठे टोचायची, हा दुसरा.

प्रथम वाटेचा विचार करू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शल्यचिकित्सक वृषणकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेतून ग्रंथीपर्यंत पोहोचत. अमेरिकेत ह्यू हॅम्प्टन यंग यांनी तेथे चीर देऊन तुकडा काढण्याची पद्धत १९२६ साली मांडली. १९३७ साली ॲस्ट्राल्डी यांनी गुदाशयाच्या वाटेने तुकडा काढण्याचे वर्णन केले. गुदाशय आणि प्रोस्टेट यांमध्ये जेमतेम एक पातळ भिंत असल्यामुळे ही वाट जवळची होती. पुढे कित्येक वर्षे डॉक्टर बोटाच्या अंदाजानेच सुई नेत. जपानचे हिरोकी वातानाबे यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस गुदाशयातून सोनोग्राफी करून प्रोस्टेटचे उपयुक्त चित्र मिळवले. मग १९८९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी, सोनोग्राफी पाहत ग्रंथीच्या ठराविक सहा भागांतून सहा नमुने घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सहा अपुरे पडतात असे अनुभवास आल्यावर संख्या दहा ते बारापर्यंत गेली, आणि गुदाशयमार्गे बारा नमुने ही जगभर नित्याची पद्धत झाली. आमच्याही रुग्णालयात दीर्घकाळ तीच होती.

या पद्धतीत रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. बोटाएवढ्या जाडीची सोनोग्राफीची दांडी गुदद्वारातून आत सरकवतात. ग्रंथीभोवती भुलीचे इंजेक्शन देतात. मग स्प्रिंगच्या यंत्राला जोडलेली बारीक सुई, ‘टक्’ असा आवाज होऊन, क्षणार्धात आत जाऊन बाहेर येते आणि शेवयाच्या बारीक तुकड्यासारखा दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा नमुना घेऊन येते. सर्व काम थोड्या मिनिटांत आटोपते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. पद्धत सोपी, स्वस्त आणि हातखंडा. परंतु तिच्यात एक मूलभूत उणीव आहे. सुई दर वेळी गुदाशयाच्या भिंतीतून जाते आणि गुदाशय ही जंतूंची वस्ती आहे. तेथील जंतू प्रोस्टेटमध्ये आणि रक्तात नेले जाऊ शकतात. त्यासाठी आधी प्रतिजैविके देतात. पण ‘ई. कोलाय’सारख्या जंतूंना नेहमीची औषधे दाद देईनाशी झाली आहेत, आणि आपल्या देशात ही अडचण विशेष मोठी आहे, हे आपण सर्व जाणता.

येथे आम्ही आमच्या चुकीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याकडे या तपासणीसाठी आले. तपासणी व्यवस्थित झाली. ‘किरकोळ तपासणी आहे, संध्याकाळी घरी जा’ असे त्यांस सांगण्यात आले आणि ते आपल्या गावी परतले. दुसऱ्या रात्री त्यांना हुडहुडी भरून ताप आला. घरच्यांनी तापाची गोळी दिली, घोंगडी पांघरली आणि सकाळची वाट पाहिली. सकाळी ताप थोडा उतरला म्हणून दुपारपर्यंत थांबले. संध्याकाळी ते रुग्णालयात पोहोचले तेव्हा रक्तदाब ढासळला होता आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. आठ दिवस ते अतिदक्षता विभागात होते. परमेश्वराच्या कृपेने आणि डॉक्टर-परिचारिकांच्या शर्थीने ते वाचले. त्याच आठवड्यात बायॉप्सीचा अहवाल आला. कर्करोग नव्हता.

घरी जाण्याच्या दिवशी त्यांच्या पत्नी आमच्या टेबलासमोर येऊन बसल्या. त्यांचे शब्द आम्ही विसरलेलो नाही. “साहेब, ह्यांना आजार नव्हता हे तुमचाच कागद सांगतो. मग आठ दिवस आम्ही यमाच्या दारात कशापायी बसलो? ताप येईल, आला तर तसंच निघून या, एवढं एक वाक्य कुणी सांगायला नको होतं का?”

आम्ही संमतिपत्र काढून पाहिले. संसर्गाचा उल्लेख त्यात होता. पण तो इंग्रजीत, बारीक टाइपात, तिसऱ्या परिच्छेदात होता. खाली त्या गृहस्थांची मराठी सही होती. कायद्याच्या दृष्टीने कागद पुरा होता. विश्वस्त मंडळाने अतिदक्षता विभागाचे बिल पूर्ण माफ केले. परंतु त्या माउलीने पैशाविषयी काही विचारलेच नव्हते. तिने जे विचारले, त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्या दिवसानंतर आम्ही मूत्रविकार विभागातील डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला : ही वाट बदलता येईल का?

उत्तर मिळाले की, जुनीच वाट नव्या साधनांनिशी पुन्हा धरता येते. वृषणकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून सुई नेणे, हीच ती पद्धत. सोनोग्राफीची दांडी गुदाशयातच असते, पण ती केवळ पाहण्यासाठी; सुई निर्जंतुक केलेल्या त्वचेतून आत जाते आणि गुदाशयाच्या भिंतीला शिवत नाही. पूर्वी यासाठी रुग्णाला पूर्ण भूल देऊन, जाळीसारख्या चौकटीतून पुष्कळ नमुने घेत असत. आता सुईला आधार देणाऱ्या साध्या साधनाच्या साह्याने हे काम पुष्कळ ठिकाणी त्या जागेपुरती भूल देऊन होते. ग्रंथीचा पुढचा भाग, जो गुदाशयाच्या वाटेने हाताला लागणे अवघड असते, तोही येथून सुलभ होतो.

याला आधार काय, असे देणगीदारांनी विचारणे रास्तच आहे. युरोपातील मूत्रविकार तज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत, संसर्गाचा धोका कमी म्हणून त्वचेच्या वाटेला पसंती दिली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत साडेसहाशेहून अधिक पुरुष होते. गुदाशयाच्या वाटेच्या गटाला जंतूंची आधी तपासणी करून नेमकी प्रतिजैविके दिली होती. त्या गटात चौघांना संसर्ग झाला. त्वचेच्या वाटेच्या गटाला प्रतिबंधक प्रतिजैविक दिलेच नव्हते. त्या गटात संसर्ग एकालाही झाला नाही. संख्या लहान आहे, म्हणून या फरकावर शिक्कामोर्तब झाले असे डॉक्टर म्हणत नाहीत. परंतु प्रतिजैविकांशिवाय हे साधते, हीच गोष्ट आपल्या देशात मोलाची आहे. २०२५ साली ब्रिटनमधील ११२६ पुरुषांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. उपचारयोग्य महत्त्वाचा कर्करोग त्वचेच्या वाटेने ६० टक्के पुरुषांत, तर गुदाशयाच्या वाटेने ५४ टक्के पुरुषांत सापडला. त्याच चाचणीने हेही नोंदवले की त्वचेच्या वाटेने तपासणीच्या वेळी दुखल्याचे सांगणारे अधिक होते. आम्ही हे लपवीत नाही. वेळही थोडा अधिक लागतो. जेथे हे साधन नाही, किंवा रुग्णाच्या प्रकृतीमुळे ती बैठक देता येत नाही, तेथे गुदाशयाची वाट योग्य काळजी घेऊन आजही वापरली जाते, आणि ती वापरणारा डॉक्टर चूक करतो असे कोणी समजू नये.

आता दुसरा प्रश्न : सुई कोठे टोचायची?

हा भाग मात्र आम्हां हिशेबनिसांना चटकन कळतो. लेखापरीक्षक वर्षभराची सर्व व्हाउचरे तपासू शकत नाही. तो ठराविक अंतराने काही काढून पाहतो. त्यांत गफलत सापडली नाही म्हणजे वह्या स्वच्छ आहेत, असे खात्रीने म्हणता येत नाही. बारा ठिकाणचे बारा नमुने ही अशीच पद्धत आहे. ग्रंथीच्या मानाने सुईत येणारा भाग अगदी अल्प असतो. गाठ दोन नमुन्यांच्या मधोमध राहून गेली तर अहवाल निर्दोष येतो आणि रुग्ण निश्चिंत होतो. याच्या उलटही घडते. जो बारीकसा, संथ कर्करोग त्या माणसाला आयुष्यभर त्रास देणार नव्हता, त्याच्यावर सुई योगायोगाने पडते आणि एक निरोगी माणूस कायमचा रुग्ण होतो.

शहाणा लेखापरीक्षक आधी खतावणी चाळतो, संशयास्पद नोंदींवर खूण करतो आणि मग नेमकी तीच व्हाउचरे मागवतो. बायॉप्सीच्या आधी काढलेला एम.आर.आय. हेच काम करतो. क्ष-किरण तज्ज्ञ ग्रंथीतील प्रत्येक संशयास्पद जागेला १ ते ५ असे गुण देतात. १ म्हणजे शंका जवळजवळ नाही, ५ म्हणजे शंका दाट. २०१७ साली ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात, महत्त्वाच्या कर्करोगांपैकी ९३ टक्के एम.आर.आय.ने हेरले, तर गुदाशयमार्गे घेतलेल्या नेहमीच्या बायॉप्सीने ४८ टक्केच. पुढच्याच वर्षी, २०१८ साली, ५०० पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत एम.आर.आय.च्या आधारे नेम धरून घेतलेल्या नमुन्यांत महत्त्वाचा कर्करोग ३८ टक्के पुरुषांत सापडला. जुन्या पद्धतीने तो २६ टक्क्यांत सापडला. निरुपद्रवी कर्करोग सापडण्याचे प्रमाण नव्या पद्धतीत ९ टक्के आणि जुन्या पद्धतीत २२ टक्के होते. शिवाय एम.आर.आय. केलेल्या गटातील २८ टक्के पुरुषांना बायॉप्सीची गरजच पडली नाही.

नेम धरण्याच्या तीन रीती आहेत. पहिलीत डॉक्टर एम.आर.आय.चे चित्र डोळ्यांपुढे ठेवून, मनाशी जागा ताडून सोनोग्राफीखाली सुई नेतात; यात खर्च कमी, पण हात अनुभवी हवा. दुसरीत संगणक एम.आर.आय.चे चित्र सोनोग्राफीच्या चित्रावर बसवून दाखवतो. तिसरीत रुग्ण एम.आर.आय.च्या यंत्रातच असताना नमुना घेतला जातो. ही रीत खर्चाची असून थोड्याच केंद्रांत आढळते. नेम धरलेल्या जागेखेरीज आसपासचे नमुनेही घ्यावेत की नाही, हे डॉक्टर रुग्णागणिक ठरवतात. एक व्यवहारातील सूचना येथेच देतो. बायॉप्सीनंतर ग्रंथीत रक्त साकळते आणि काही आठवडे एम.आर.आय.चे चित्र गढूळ येते. म्हणून एम.आर.आय. करायचाच असेल तर तो आधी करावा. आणि एम.आर.आय. निर्दोष आला म्हणजे सर्व मिटले, असेही समजू नये, पी.एस.ए.ची चाल, ग्रंथीचा आकार आणि घराण्यातील इतिहास पाहून डॉक्टर कधी कधी तरीही बायॉप्सी सुचवतात.

आमची स्वतःची आणखी एक चूक सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही. एका वर्षी प्रयोगशाळेचा खर्च कमी करण्याच्या नादात आम्ही टिपण लिहिले की, एका रुग्णाच्या बारा नमुन्यांना फॉर्मॅलिनच्या बारा बाटल्या कशाला? सर्व एकाच बाटलीत घालावेत. आमच्या विकृतिशास्त्र विभागप्रमुख बाईंनी ते टिपण हातात घेऊन आमच्याच खोलीत येऊन विचारले, “साहेब, बारा खात्यांच्या पावत्या तुम्ही एकाच पिशवीत टाकून ताळेबंद जुळवाल का?” नमुना ग्रंथीच्या कोणत्या भागातला, हे कळले नाही तर रोग उजवीकडे की डावीकडे, किती पसरला, पुढची शस्त्रक्रिया कशी करायची, हे सांगता येत नाही. टिपण आम्ही तेथल्या तेथे मागे घेतले. बाटल्या तशाच राहिल्या.

त्या बाटल्यांतून जे निघते त्याची भाषाही घरच्यांनी थोडी जाणून घ्यावी. अमेरिकेतील डोनाल्ड ग्लीसन या विकृतिशास्त्रज्ञांनी १९६६ साली पेशींच्या रचनेवरून गुण देण्याची पद्धत मांडली. आज अहवालात ‘३ + ३ = ६’ असे लिहिलेले असते. दहापैकी सहा पाहून लोक घाबरतात. पण आजच्या व्यवहारात ६ हा सर्वांत खालचा, सर्वांत सौम्य गुण आहे. हा घोळ टाळण्यासाठी २०१४ साली तज्ज्ञांनी १ ते ५ असे गट ठरवले. ६ गुण म्हणजे गट १. ‘३ + ४’ आणि ‘४ + ३’ यांची बेरीज सातच होते, तरी पहिला गट २ आणि दुसरा गट ३ आहे, कारण दुसऱ्यात उग्र पेशींचा वाटा मोठा असतो. ८ गुण म्हणजे गट ४, आणि ९ व १० म्हणजे गट ५. गट १च्या पुष्कळ रुग्णांना लगेच शस्त्रक्रिया नको असते. ठराविक काळाने तपासण्या करीत लक्ष ठेवले जाते. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांचा, सरासरी पंधरा वर्षे पाठपुरावा केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. रोग ग्रंथीपुरता मर्यादित असताना निदान झालेले हे पुरुष होते. देखरेख, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, कोणताही मार्ग घेतला तरी प्रोस्टेटच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण तिन्ही गटांत सुमारे २ ते ३ टक्केच होते. उग्र जातीच्या रोगाची गोष्ट अर्थातच निराळी. तेथे विलंब घातक ठरतो. म्हणूनच जात ओळखणे आवश्यक, आणि ती ओळख बायॉप्सीवाचून होत नाही.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे. सुईने कर्करोग पसरतो का? सुईच्या वाटेवर रोगाच्या पेशी रुजल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत, पण त्या अत्यंत विरळ आहेत. जगभर दरवर्षी होणाऱ्या असंख्य तपासण्यांच्या तुलनेत हे भय धरून निदान टाळणे म्हणजे चोराच्या भीतीने घराला कुलूपच न लावण्यासारखे आहे. “सुई लावली आणि महिन्यात माणूस गेला” असे जे ऐकू येते, तेथे बहुधा माणूस तपासणीला आला तेव्हाच रोग हाडांपर्यंत पोहोचलेला असतो.

काळजी घ्यायची ती अशी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, आणि त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते. मधुमेह, लघवीची जळजळ, गेल्या काही महिन्यांत घेतलेली प्रतिजैविके, एखाद्या औषधाची ॲलर्जी, हे सर्व सांगावे. तपासणीनंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्ताची छटा दिसू शकते. त्याने घाबरू नये, पाणी भरपूर प्यावे. परंतु १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, हुडहुडी, लघवी अडणे, किंवा रक्ताच्या गुठळ्या पडणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. घरात तापाची गोळी देऊन बसू नये. तसेच निघून यावे.

हे शेवटचे वाक्य कोणाचे आहे, ते आपण ओळखले असेल. आज आमच्या रुग्णालयात बायॉप्सीच्या प्रत्येक रुग्णाला जी मराठी माहितीपत्रिका मिळते, तिच्या पहिल्या ओळीत ते मोठ्या अक्षरांत छापले आहे. खाली रात्रंदिवस उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक आहे. संमतिपत्र मराठीत आहे आणि परिचारिका ते वाचून दाखवते. तपासणीच्या दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी वैद्यकीय समाजसेविका रुग्णाच्या घरी दूरध्वनी करून ताप आहे का ते विचारतात. या कामांना फारसा खर्च आला नाही. जे काम इतके स्वस्त होते, ते आधी का सुचले नाही, याची खंत आम्हांस आहे.

खर्च आला तो त्वचेच्या वाटेच्या साधनांना, नव्या सोनोग्राफीच्या दांडीला आणि डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला. तो आपण दिलेल्या देणग्यांतून भागला. आता आमच्याकडे ही तपासणी प्रामुख्याने त्याच वाटेने होते. एम.आर.आय.चा खर्च मात्र अजूनही सामान्य कुटुंबाला जड जातो. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. त्या निधीचा आधार पुष्कळांना मिळतो. परंतु उत्पन्नाच्या मर्यादेच्या किंचित वर असलेला निवृत्तिवेतनधारक, बायॉप्सीआधीचा एम.आर.आय. परवडत नाही म्हणून तपासणीच पुढे ढकलतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. त्यांच्यासाठी एक स्वतंत्र ठेव उभारण्याचा विश्वस्तांचा मानस आहे. आपल्या सद्भावनेवर आमचा भरवसा आहे, म्हणून याहून अधिक काही बोलत नाही.

कुटुंबीयांना मात्र एक शेवटची विनंती. “साहेब, त्यांना काही सांगू नका” असे आपण प्रेमापोटी म्हणता. पण शरीर त्यांचे आहे, आणि संमतिपत्रावरील सहीही त्यांचीच असते. ज्या माणसाने आयुष्यभर घर सांभाळले, त्याला स्वतःच्या शरीराविषयीची एक तपासणी समजावून घेता येत नाही, असे मानू नये. त्यांच्याबरोबर या. कोणत्या वाटेने, कोठे, किती नमुने आणि का, हे आमच्या डॉक्टरांना विचारा. विचारण्याचा हक्क आपला आहे, आणि सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य एकदा आमच्याकडून पुरे झाले नव्हते. ते पुन्हा तसे राहू नये, एवढ्यासाठी आपण सर्वांनी आमच्यावर लक्ष ठेवावे.

ते एस.टी.चे गृहस्थ आजही वर्षातून एकदा पी.एस.ए.च्या तपासणीला येतात. सोबत त्यांच्या पत्नी असतात. जाताना त्या आमच्या खोलीत डोकावतात आणि माहितीपत्रिकेची एक प्रत मागून घेतात. गावात कोणाला तरी द्यायची असते.